मागणाऱ्याचे कर्तव्य

वर्षातून दोन दिवस असे येतात की शासन नागरिकाच्या दारी याचक होऊन उभे राहते. १४ जून हा जागतिक रक्तदाता दिन आणि १ ऑक्टोबर हा आपला राष्ट्रीय ऐच्छिक रक्तदान दिन. एरव्ही शासनाला मागण्याची सवय नाही, घेण्याची आहे. कर घेताना त्याच्या हाती दंडाचा बडगा असतो, जमीन घेताना भूसंपादनाचा कायदा असतो. रक्ताच्या बाबतीत यांपैकी काहीही चालत नाही. शेजाऱ्याचा प्राण वाचविण्यासाठी का होईना, नागरिकाच्या दंडात त्याच्या इच्छेविरुद्ध सुई खुपसण्याचा अधिकार कोणत्याही लोकशाही शासनाला नाही. रक्त मागावेच लागते, आणि जो मागतो त्याच्यावर काही बंधने आपोआप येतात. या दोन दिवशी मंत्रिमहोदयांची भाषणे होतात, शाळकरी मुलांच्या फेऱ्या निघतात, शंभर वेळा रक्त दिलेल्या सत्पुरुषांना शाल-श्रीफळ मिळते. देणाऱ्याचे कर्तव्य काय, हे सर्वजण सांगतात. मागणाऱ्याचे कर्तव्य काय, हा विषय मात्र व्यासपीठावर येत नाही. आम्ही आज तोच घेणार आहोत.

रक्ताची गरज किती, हे पटवून देण्यासाठी फार शब्द खर्ची घालण्याचे कारण नाही. कार्ल लँडस्टायनर या शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर रक्तगटांचा शोध लावला, त्यासाठी १९३० साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले, आणि त्याचा जन्मदिवस म्हणूनच १४ जून निवडला गेला. त्या शोधानंतर वैद्यकशास्त्राने हृदय बदलले, मूत्रपिंड बदलले, परंतु रक्त तयार करणारा कारखाना अद्याप कोणाला उभारता आलेला नाही. गोव्याच्या रस्त्यांवर दरवर्षी दोनशेहून अधिक माणसे प्राणास मुकतात आणि त्याहून कितीतरी अधिक जखमी होऊन रुग्णालयात पोचतात. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव हे आपल्या देशात मातामृत्यूचे एक प्रमुख कारण आहे. थॅलॅसेमिया घेऊन जन्मलेल्या बालकाला दर दोन ते चार आठवड्यांनी दुसऱ्याचे रक्त घेऊनच पुढचा महिना गाठावा लागतो. देशात अशी दहा हजारांवर बालके दरवर्षी जन्मास येतात. या सर्वांसाठी लागणारे रक्त कोणीतरी निरोगी माणसाने, स्वतःच्या पायांनी चालत येऊन दिलेले असावे लागते.

आपण त्या जागेला ‘रक्तपेढी’ म्हणतो. हा शब्द मोठा बोलका आहे. पेढी म्हणजे सावकाराची, व्यापाऱ्याची जागा. जेथे देवघेव चालते, नफा-तोटा मांडला जातो. इंग्रजी ‘बँके’चे भाषांतर करताना कोणाच्या मनात तसे नसेलही, पण दीर्घकाळ तो शब्द अक्षरशः खरा होता. या देशात रक्त विकले जात होते. ज्याच्या घरात चूल पेटत नाही असा बेकार मजूर, रिक्षा ओढणारा, व्यसनाच्या आहारी गेलेला तरुण, असे लोक पंधरा दिवसांनी, कधी आठवड्यानेही दंड पुढे करीत आणि हातावर टेकवलेल्या नोटा घेऊन निघून जात. केंद्र शासनाने नेमलेल्या एका सल्लागार संस्थेने १९९० साली दिलेल्या अहवालात देशातील हजाराच्या आसपास रक्तपेढ्यांपैकी निम्म्याहून अधिक बिनपरवाना चालत असल्याचे नमूद केले होते. अहवाल शासनाकडे आला आणि अशा अहवालांचे जे होते तेच त्याचे झाले. शेवटी एच. डी. शौरी यांची ‘कॉमन कॉज’ ही संस्था १९९२ साली सर्वोच्च न्यायालयात गेली आणि ४ जानेवारी १९९६ रोजी न्यायालयाने तो प्रसिद्ध निकाल दिला. एका वर्षाच्या आत प्रत्येक रक्तपेढीला परवाना हवा, दोन वर्षांत धंदेवाईक रक्तदाते बंद झाले पाहिजेत, आणि राष्ट्रीय व राज्य पातळीवर रक्तसंक्रमण परिषदा स्थापन झाल्या पाहिजेत, असा तो आदेश होता. १ जानेवारी १९९८ पासून रक्ताची विक्री या देशात बंद झाली. २००२ साली राष्ट्रीय रक्त धोरण आले. २०२० साली तर नियमांतून ‘पेढी’ हा शब्दच काढून ‘रक्तकेंद्र’ असा शब्द आणला गेला. शब्द बदलल्याने वस्तू बदलत नाही हे आम्ही जाणतो. परंतु या ठिकाणी वस्तू आधी बदलली, शब्द मागाहून. एवढे श्रेय द्यावयास हरकत नाही. ते पहिल्याने न्यायालयाचे, आणि मग शासनाचे.

विक्री बंद करण्यामागे केवळ नीतिमत्तेचा विचार होता असे मात्र समजू नये. त्यामागे रोखठोक वैद्यकीय कारण होते आणि ते नीट समजून घेतल्याखेरीज पुढील मुद्दा कळणार नाही. आज आपल्या देशात रक्ताच्या प्रत्येक पिशवीची पाच रोगांसाठी तपासणी सक्तीची आहे: एचआयव्ही, कावीळ ब, कावीळ क, उपदंश आणि हिवताप. एचआयव्हीची चाचणी १९८९ पासून सक्तीची झाली, कावीळ क ची नव्या शतकाच्या आरंभी आली. सामान्य वाचकाची अशी समजूत असते की यंत्राने ‘निर्दोष’ म्हटले की रक्त निर्दोष. तसे नाही. विषाणू शरीरात शिरल्यापासून तो चाचणीच्या नजरेस येईपर्यंत काही दिवसांचा अंधारा काळ असतो. नव्या एलायझा चाचण्यांतही एचआयव्हीबाबत हा काळ दोन-तीन आठवड्यांचा असू शकतो. विषाणूचे जनुकद्रव्यच शोधणारी ‘नॅट’ ही महागडी चाचणी तो दहा-बारा दिवसांवर आणते. शून्यावर कोणतीच चाचणी आणीत नाही. या अंधाऱ्या काळात दिलेले रक्त यंत्राला शुद्ध दिसते आणि रोग्याच्या अंगात रोग सोडते. त्या काळात रोग्याचे रक्षण करणारी एकच गोष्ट उरते. ती म्हणजे रक्त देण्यापूर्वी विचारलेल्या प्रश्नांना दात्याने दिलेले खरे उत्तर. अलीकडे ताप आला होता काय, कावीळ झाली होती काय, कोणती औषधे चालू आहेत, गोंदवून घेतले आहे काय, आणि खाजगी आयुष्याविषयीचे ते संकोचाचे प्रश्न. ज्याला रक्ताचे पैसे हवे आहेत तो या प्रश्नांना खरे उत्तर देणार नाही. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ रिचर्ड टिटमस यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ब्रिटन आणि अमेरिका यांची तुलना करून हेच मांडले होते: विकत घेतलेले रक्त अधिक धोक्याचे, कारण विकणाऱ्याला लपविण्याचे कारण असते आणि देणाऱ्याला नसते.

देणाऱ्याला लपविण्याचे कारण नसते, हे खरे, पण केव्हा? जेव्हा तो पूर्णपणे आपखुशीने आलेला असतो आणि खरे बोलल्यामुळे आपले काही वाईट होणार नाही अशी त्याची खात्री असते तेव्हा. या दोन अटींपैकी एकही मोडली, तर फुकट दिलेले रक्तही विकत घेतलेल्या रक्ताइतकेच संशयास्पद ठरते. म्हणून रक्ताची सुरक्षितता प्रयोगशाळेत सुरू होत नाही, दात्याच्या मनात सुरू होते, आणि त्या मनातील विश्वास राखणे हे मागणाऱ्याचे पहिले कर्तव्य आहे असे आमचे म्हणणे आहे.

हे म्हणणे गोव्याने इतर कोणत्याही राज्याहून अधिक गांभीर्याने ऐकावे, याला कारण आहे. १९८९ सालच्या फेब्रुवारी महिन्यात बार्देशातील पर्रा गावच्या डॉमिनिक डिसोझा या तरुणाला पोलिसांनी बोलावून नेले. त्यांनी चोरी केली नव्हती की मारामारी केली नव्हती. ते नियमित रक्तदाते होते. त्यांनी दिलेल्या रक्तात एचआयव्हीचा विषाणू आढळला होता, आणि ही गोष्ट त्यांना कोणा डॉक्टराने जवळ बसवून सांगितली नाही. त्या वेळच्या आपल्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात अशा व्यक्तीला इतरांपासून वेगळे डांबून ठेवण्याची तरतूद होती. त्या तरतुदीनुसार त्यांना म्हापशात क्षयरोग्यांसाठी पूर्वी वापरल्या जाणाऱ्या एका ओसाड इमारतीत पहाऱ्यात ठेवण्यात आले. एक नाही, दोन नाही, ६४ दिवस. त्यांच्या मातेने न्यायालयाचे दार ठोठावले. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ती तरतूद घटनाबाह्य ठरविली नाही. जनतेच्या आरोग्यासाठी व्यक्तीच्या स्वातंत्र्याला मुरड घालण्याचा विधिमंडळाचा अधिकार न्यायालयाने मान्य केला. डिसोझा बाहेर आले, उरलेले आयुष्य त्यांनी आपल्यासारख्याच इतरांसाठी वेचले आणि १९९२ साली त्यांचे निधन झाले. त्यांनी घातलेल्या पायावर ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था गोव्यात उभी राहिली. पुढे २००५ साली त्यांच्या जीवनावर बेतलेला एक हिंदी चित्रपट आला, तेव्हा कित्येक तरुण गोमंतकीयांना ही हकिगत प्रथम कळली.

या प्रकरणाकडे आजवर रोग्याच्या मानवी हक्कांच्या दृष्टीने पाहिले गेले आणि ते योग्यच आहे. परंतु त्याची दुसरी बाजू आम्हांस तितकीच महत्त्वाची वाटते. डिसोझा हे शासनाच्या हाती रोगी म्हणून सापडले नाहीत. दाता म्हणून सापडले. शासनाने हात पुढे करून मागितले, त्यांनी दिले, आणि त्या देण्यातूनच त्यांच्यावर पहारा बसला. ही बातमी त्या वर्षी गावोगाव चर्चिली जात असताना रक्त देण्याचा विचार करणाऱ्या किती जणांनी आपला बेत मुकाट्याने रद्द केला असेल, आणि ज्यांना स्वतःविषयी शंका होती त्यांपैकी किती जणांनी पुढे कधीही, कोणालाही खरे सांगायचे नाही असे ठरविले असेल, याची मोजदाद कोणी केलेली नाही. करताही येणार नाही. पोर्तुगीज अमदानीत पहाटे दारावर पडणारी थाप म्हणजे काय, हे या भूमीतील एका पिढीने अनुभवले होते. मुक्तीनंतर २७ वर्षांनी आपल्याच निवडलेल्या शासनाने ती थाप एका रक्तदात्याच्या दारावर दिली, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही. विसरू नये अशी आहे.

मग पुढे काय झाले? पुढे लंबक दुसऱ्या टोकाला गेला. देशभर बराच काळ अशी पद्धत होती की सदोष आढळलेली पिशवी गाजावाजा न करता नष्ट करावी आणि दात्याला काहीही कळवू नये. हेतू गुप्ततेचा होता, परंतु परिणाम असा की दाता अंधारातच राही, उपचारांना मुके आणि कदाचित सहा महिन्यांनी पुन्हा रक्त द्यायला येई. एका टोकाला कोठडी आणि दुसऱ्या टोकाला मौन! माणसाला खाली बसवून शांतपणे सत्य सांगणे आणि मग त्याला औषधोपचाराच्या मार्गाला लावणे, हा साधा मधला रस्ता सापडायला शासनयंत्रणेला वर्षे लागली. आता धोरणाने तो मान्य केला आहे. दात्याची संमती घेऊन त्याला निकाल कळवावा व समुपदेशन केंद्राकडे पाठवावे, असे मार्गदर्शन आहे. २०१७ साली संसदेने एचआयव्ही व एड्सविषयक कायदा केला आणि तो १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. त्याने बाधित व्यक्तीशी भेदभाव करण्यास मनाई केली आणि तिची माहिती गुप्त राखण्याचे बंधन घातले. पर्रा गावच्या त्या तरुणाला जे मिळावयास हवे होते ते सुमारे तीस वर्षांनी कागदावर आले.

कागदावरचे प्रत्यक्षात किती उतरले हे पाहण्यासाठी कोणत्याही रक्तदान शिबिरात जाऊन अर्धा तास उभे राहावे. पंचायतीच्या सभागृहात किंवा देवस्थानच्या अग्रशाळेत खाटा मांडलेल्या असतात. दाराशी एक टेबल, त्यावर छापील अर्ज. मागे दहा जणांची रांग, त्यांत शेजारी, मेहुणा, क्लबातले मित्र. त्या रांगेसमोर एखादी थकलेली परिचारिका वीस प्रश्नांची यादी वाचते आणि तरुण प्रत्येक प्रश्नाला ‘नाही, नाही’ म्हणत पुढे सरकतो. खाजगी आयुष्याविषयीच्या प्रश्नाला मेहुण्याच्या देखत ‘होय’ म्हणणारा मनुष्य आम्ही अद्याप पाहिलेला नाही. यात परिचारिकेचा दोष नाही. एक पडदा आणि दोन खुर्च्या एवढ्यानेही पुष्कळ काम होईल. पण शिबिराच्या अंदाजपत्रकात फलकाला पैसे असतात, हारांना असतात, पडद्याला नसतात.

आपखुशीची अट तर याहून अधिक सर्रास मोडली जाते. देशात अनेक रुग्णालयांत अजूनही रोग्याच्या नातेवाइकांना सांगितले जाते की दोन पिशव्या हव्या असतील तर दोन माणसे घेऊन या. याला ‘बदली रक्त’ म्हणतात. राष्ट्रीय धोरणाने ही पद्धत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरवूनही बराच काळ लोटला. शस्त्रक्रियागृहाबाहेर बसलेल्या बापाला काणकोणहून किंवा सत्तरीहून दोन धडधाकट माणसे रातोरात आणावयास सांगणे, ही मागणी नव्हे, खंडणी आहे. ज्यांचे गणगोत मोठे त्यांची माणसे धावून येतात. ज्याचे कोणी नाही, जो परप्रांतातून बांधकामावर मजुरीसाठी आला आहे, तो काय करणार? तो रुग्णालयाच्या फाटकाबाहेर पैसे देऊन माणूस शोधतो आणि तो माणूस ‘भाऊ’ म्हणून अर्जावर सही करतो. म्हणजे १९९८ साली पुढच्या दाराने हाकललेला धंदेवाईक दाता मागच्या दाराने आत येतो, आणि या वेळी तर त्याची नोंदही खोट्या नात्याने होते. शिवाय खरा भाऊ जरी आला तरी, बहिणीचा प्राण टांगणीला लागलेला असताना ‘मला गेल्या वर्षी कावीळ झाली होती’ हे तो सांगेल काय? सक्तीखाली दिलेले उत्तर खरे नसते, हे जाणण्यासाठी वैद्यकाचा अभ्यास लागत नाही.

आणखी एक प्रकार आहे, त्याला आम्ही उत्सवी रक्तदान म्हणतो. पुढाऱ्याचा वाढदिवस, पक्षाचा वर्धापनदिन, संस्थेचा रौप्यमहोत्सव. एका दिवसात किती पिशव्या भरल्या याचे आकडे दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांकडे पाठविले जातात. २०२२ साली केंद्र शासनाने १७ सप्टेंबर ते १ ऑक्टोबर या काळात ‘रक्तदान अमृत महोत्सव’ भरविला. त्याच्या पहिल्याच दिवशी देशभर ऐंशी हजारांहून अधिक लोकांनी रक्त दिले आणि विक्रम झाल्याची घोषणा झाली. लोकांच्या उत्साहाला आम्ही नावे ठेवीत नाही. तो उत्साह हीच तर या कामाची खरी पुंजी आहे. परंतु रक्त ही कोठारात साठविण्याची वस्तू नव्हे. तांबड्या पेशी थंड पेटीत फार तर ४२ दिवस टिकतात. डेंगीच्या दिवसांत ज्यांची टंचाई होते त्या प्लेटलेट अवघे पाच दिवस. फक्त रक्तद्रव गोठवून वर्षभर ठेवता येतो. आणि एकदा रक्त दिले की पुरुषाने ९० दिवस व स्त्रीने १२० दिवस पुन्हा द्यावयाचे नसते. म्हणजे एकाच दिवशी सारा गाव खाटेवर झोपविला, तर पिशव्या एकाच वेळी जुन्या होतात आणि दातेही एकाच वेळी तीन महिन्यांसाठी बाद होतात. विक्रमाच्या दिवशी सुकाळ आणि दोन महिन्यांनी दुष्काळ, हे त्याचे अटळ गणित आहे. २०१७ साली माहितीच्या अधिकारातून बाहेर आलेल्या आकड्यांनुसार आधीच्या पाच वर्षांत देशभरात रक्ताच्या व रक्तघटकांच्या २८ लाखांहून अधिक पिशव्या फेकून द्याव्या लागल्या होत्या. काही सदोष म्हणून गेल्या असतील, ते समजण्यासारखे आहे. मुदत उलटून गेलेल्यांचे काय? ज्याने ते दिले त्याला कोणी कळविले काय, की बाबा रे, तुझे रक्त कोणाच्याही उपयोगी पडले नाही?

आपल्याकडे दान देताना पात्र पाहावे असे सांगितलेले आहे. सत्पात्री दान हा शब्दप्रयोग घराघरांत रुळलेला आहे. रक्तदात्याला घेणारा कोण हे कधीच कळत नाही, कळूही नये. त्याची जातपात, धर्म, पक्ष कळण्याचे कारण नाही. मग दात्याने पात्र पाहावे ते कोणाचे? मधल्या यंत्रणेचे. पात्र गळके असेल तर दानाचा दोष नाही, पण दाता दुसऱ्यांदा येत नाही.

शासनाने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. आज देशात चार हजारांहून अधिक परवानाधारक रक्तकेंद्रे आहेत. कायद्याच्या दृष्टीने रक्त हे औषध असल्याने औषध निरीक्षकांची त्यांच्यावर देखरेख असते. रक्ताची किंमत घेता येत नाही, फक्त तपासणी व साठवणुकीचा खर्च घेता येतो. २०२२ साली ठरलेल्या दरानुसार शासकीय केंद्रात तो एका पिशवीमागे ११०० रुपये आणि खाजगी केंद्रात १५५० रुपये आहे. थॅलॅसेमिया, हिमोफिलियासारख्या व्याधींच्या रोग्यांना तर रक्त विनामूल्य द्यावे असे आदेश आहेत. खाजगी रुग्णालये याहून अधिक रक्कम उकळतात अशा तक्रारी आल्यावर औषध नियंत्रकांनी २०२३ च्या डिसेंबरात पुन्हा बजावले की रक्त विक्रीसाठी नाही. कोणत्या केंद्रात कोणत्या गटाचे रक्त किती आहे हे घरबसल्या पाहता यावे म्हणून २०१६ साली ‘ई-रक्तकोष’ सुरू झाला. २०१२ पासून रक्तसंक्रमणातील दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रमही चालू आहे.

तरीही २०११ साली गुजरातेत जुनागढच्या शासकीय रुग्णालयात रक्त घेणारी थॅलॅसेमियाची २३ बालके एचआयव्हीबाधित आढळली. २०१४ च्या ऑक्टोबरपासून पुढील १७ महिन्यांत देशातील २२३४ लोकांनी आपणांस रक्तातून एचआयव्ही झाल्याचे समुपदेशकांना सांगितल्याची नोंद माहितीच्या अधिकारात उघड झाली. ती रोग्यांनी स्वतः सांगितलेली माहिती आहे, पडताळलेली नव्हे, असा खुलासा शासनाने केला. तो खरा धरला तरी पडताळणी कोणी करावयाची, हा प्रश्न उरतोच. आणि अगदी अलीकडे, २०२५ च्या ऑक्टोबरात, झारखंडातील चाईबासा येथून पाच बालकांची तशीच बातमी आली. महिन्यातून दोनदा ज्या नळीतून जीवन मिळते त्याच नळीतून मरणाची भीती आत आली, हे त्या पोरांच्या आयांना कोणत्या शब्दांत सांगावयाचे?

अशा वेळी शासनयंत्रणेची पहिली धाव सारवासारवीकडे असते. ती केवळ आपल्याकडेच असते असे नाही. ब्रिटनमध्ये १९७० ते १९९० या काळात सदोष रक्त व रक्तोत्पादनांतून तीस हजारांहून अधिक लोक बाधित झाले आणि सुमारे तीन हजार दगावले. अमेरिकेतून आणलेल्या, पैसे देऊन व तुरुंगांतून गोळा केलेल्या रक्तापासून बनविलेले औषध त्यांत होते. त्याची पूर्ण चौकशी होऊन अहवाल येण्यास मे २०२४ उजाडला, आणि सत्य दडविले गेले असा स्पष्ट ठपका त्या अहवालाने ठेवला. तेथे निदान पंतप्रधानांनी संसदेत उभे राहून क्षमा मागितली. आपल्याकडे एखादा अधिकारी निलंबित होतो, चौकशी समिती नेमली जाते, आणि अहवाल दप्तरी दाखल होतो.

आता गोव्यापुरते बोलू. पणजीत १८४२ साली स्थापन झालेल्या वैद्यकशाळेचा वारसा सांगणारे महाविद्यालय बांबोळीत आहे. राज्य लहान आहे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोन-तीन तासांत पोचता येते. मोठ्या राज्यांना जे अशक्य ते येथे करून दाखविता येईल. बदली रक्ताची मागणी गोव्यातील कोणत्याही रुग्णालयात, शासकीय असो वा खाजगी, केली जाणार नाही, असा आदेश आरोग्य खात्याने काढावा आणि तो प्रत्येक अपघात विभागाच्या दारावर मराठी, कोकणी, इंग्रजी आणि हिंदीत लावावा. शिबिरांचे वर्षभराचे वेळापत्रक रक्तकेंद्राने ठरवावे, पुढाऱ्यांच्या वाढदिवसांनी नव्हे. मे महिन्यात महाविद्यालये बंद असताना आणि चतुर्थीच्या दिवसांत माणसे सणात गुंतलेली असताना दाते मिळत नाहीत, हे दरवर्षी घडणारे आहे, त्याची तजवीज आधी करता येते. नॅट चाचणी देशभर सक्तीची नाही आणि ती महाग आहे हे खरे. परंतु आपल्याएवढ्या राज्यात जमणाऱ्या पिशव्यांची संख्या पाहता, महोत्सवांच्या रोषणाईवर जो खर्च होतो त्याच्या तुलनेत हा बोजा असह्य म्हणता येणार नाही. रक्तकेंद्रे संध्याकाळीही उघडी ठेवावीत, कारण नोकरदाराला दुपारी अकरा वाजता बांबोळीला जाऊन रक्त देणे शक्य नसते. आणि प्रश्न विचारण्यासाठी आडोसा हवाच.

देणाऱ्यांविषयीही दोन शब्द बोलले पाहिजेत, कारण भीती दोन्ही बाजूंनी आहे. रक्त दिल्याने अशक्तपणा येतो, ही समजूत आपल्या सुशिक्षित घरांतही पक्की आहे. शरीरात पाच लिटरच्या आसपास रक्त असते, त्यांतील ३५० मिलिलिटर घेतले जाते. द्रव भाग एक-दोन दिवसांत भरून निघतो, तांबड्या पेशी काही आठवड्यांत. अठरा वर्षे पुरी झालेला, ४५ किलो वजनाचा आणि रक्तात साडेबारा ग्रॅम हिमोग्लोबिन असलेला निरोगी मनुष्य पासष्टीपर्यंत रक्त देऊ शकतो. आपल्या स्त्रियांपैकी पुष्कळजणी इच्छा असूनही साडेबाराच्या अटीपाशी परत पाठविल्या जातात. तो मुद्दा रक्तदानाचा नसून घराघरांतल्या ताटांचा आहे, आणि त्यावर स्वतंत्रपणे लिहावे लागेल.

विधानसभेचे पुढील अधिवेशन भरेल तेव्हा एखाद्या आमदाराने, तो कोणत्याही पक्षाचा असो, आरोग्यमंत्र्यांना चार प्रश्न लेखी विचारावेत. गेल्या वर्षी गोव्यात जमलेल्या रक्तापैकी खरोखर ऐच्छिक किती आणि नातेवाइकांकडून घेतलेले किती? मुदत संपून किती पिशव्या फेकाव्या लागल्या? किती दात्यांच्या रक्तात दोष आढळला आणि त्यांपैकी किती जणांना ते सांगून उपचारांपर्यंत पोचविले गेले? रक्त घेतल्यानंतर रोग झाल्याच्या किती तक्रारी आल्या आणि त्यांची पडताळणी कोणी केली? ही उत्तरे सभागृहाच्या पटलावर यावीत, आणि त्यांची एक प्रत बांबोळीच्या रक्तकेंद्रात, दाता जेथे अर्ज भरतो त्या टेबलाच्या वर, त्याला वाचता येईल अशा अक्षरांत लावावी.